नाशिकची वायनरी बघायला निघालात, तर सासूबाईंनाही न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून पाच जण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला येणार आहेत. दोघे अधूनमधून वाइन घेणारे, एकजण गाडी चालवणार, एकीची पहिलीच वेळ, आणि पाचव्या सासूबाई. त्या शुद्ध शाकाहारी, दारूच्या वासालाही नाक मुरडणाऱ्या. एका दिवसात किती वायनऱ्या होतील, टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं असतं, आपल्याला त्यातलं काही कळत नाही हे चारचौघांत उघडं पडेल का, बाटल्या कोणत्या घ्याव्यात, आणि सासूबाईंना तेवढा वेळ हॉटेलवर ठेवावं का?

मी सोळा वर्षं याच कामात आहे. आधी वाइन बनते त्या सेलरमध्ये, म्हणजे मुख्यतः टाक्या धुणं आणि पाइप ओढणं, आणि नंतर टेस्टिंग रूममध्ये. घर द्राक्षवाल्याचं, दिंडोरी तालुक्यातलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: सासूबाईंना न्या. का, ते ओघात सांगेन.

पहिली गोष्ट तारखेची. २६ जानेवारीला ड्राय डे असतो. त्या दिवशी वायनरीचा रस्ता उघडा असला, तरी ग्लास रिकामाच राहतो. दरवर्षी निदान दहा कुटुंबं त्या दिवशी आमच्या दारात येऊन परत जाताना मी पाहिली आहेत. मागचापुढचा दिवस धरा. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. सुटीच्या दिवशी टेस्टिंग रूममधल्या माणसाला तुमच्याशी बोलायलाच वेळ नसतो, आणि त्याच्या बोलण्यासाठीच तर यायचं.

महिना मात्र तुम्ही अगदी बरोबर निवडला आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे त्याच सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते. एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. वेल वर्षातून दोनदा छाटायचा आणि पीक एकदाच घ्यायचं, अशी ही आपल्या हवामानाने लावलेली शिस्त. पावसात घड तयार झाला तर केवडा आणि भुरी हे रोग त्याला सोडत नाहीत, म्हणून पीक थंडीत ढकललेलं असतं. जानेवारीत 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचता ना, त्या थंड रात्रींमुळेच आपल्या वाइनमध्ये थोडाफार आंबटपणा टिकतो. दिवसा तिशीचं ऊन आणि रात्री दहा अंश. रात्री गार पडली नाही, तर द्राक्षातलं आम्ल भराभर जातं आणि वाइन सपक लागते. थोडक्यात, जानेवारीच्या शेवटी आलात तर बागेत क्रेट हलताना दिसतील आणि टाकीत रस खदखदताना ऐकू येईल. जूनमध्ये आलात तर डोंगर हिरवे आणि हॉटेल स्वस्त, पण वायनरी म्हणजे झोपलेल्या टाक्या. उसाचा हंगाम संपल्यावर गुऱ्हाळ बघायला जाण्यासारखंच ते.

आता किती वायनऱ्या. दोन. तीन म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हिशेब सांगतो. एका टेस्टिंगमध्ये साधारण सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली ओततात. झाली १८० मिली. तेरा टक्क्यांनी धरलं तर २३ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या साठच्या पेगमध्ये पंचवीस-सव्वीस मिली असतं. म्हणजे 'नुसती चव घेतली' म्हणता म्हणता एक मोठा पेग पोटात गेलेला असतो, तोही सकाळी अकरा वाजता. दुसऱ्या वायनरीत दुसरा. तिसऱ्या वायनरीत जीभ बधिर, बोलणं मोठं आणि सगळ्याच वाइन छान. गाडी चालवणाऱ्याने तर एकही घोट गिळायचा नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा फार लवकर येते. उत्तम म्हणजे दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा.

दोन कुठल्या, हे दिशेवर ठरवा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे. राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकात तिथे वेल लावले आणि २००० साली पहिली वाइन काढली. आज नाशिकला पर्यटक वाइनसाठी येतात, त्याची सुरुवात त्या टेकडीवरून झाली. जवळच यॉर्क आणि सोमा आहेत. गर्दी, संगीत, पिझ्झा, धरणापलीकडचा सूर्यास्त असं सगळं हवं असेल तर ही बाजू. इगतपुरीकडे मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. इकडे निवांतपणा जास्त. निफाडकडे रेव्हिलो, ज्यांनी ग्रिलो, नेरो द'अव्होला अशा इटालियन जाती इथे रुजवून दाखवल्या. दिंडोरीत शाँदों या कंपनीचं फेसाळ वाइनचं काम चालतं. माझा सल्ला असा की एक मोठी आणि एक लहान बघा. सकाळी लहान, तेव्हा नाक ताजं असतं. संध्याकाळी मोठी, कारण तिथे नाकाचं फारसं काम उरत नाही. आणि कुठेही जा, आदल्या दिवशी फोन करून जा.

निघण्याआधीचं पथ्य. नाशिकला आलात म्हणजे सकाळी मिसळ खाणार, हे मला ठाऊक आहे. खा, पण टेस्टिंगनंतर. तर्री ओरपून आलेली जीभ पुढचे दोन तास काही सांगत नाही. परफ्यूम, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, तोंडातली वेलची हे सगळं त्या दिवसापुरतं घरी. मी एकदा बारा जणांच्या गटाला 'फुलांचा वास येतोय का' असं विचारलं, तर सगळ्यांनी हो म्हटलं. तो शेजारच्या बाईंच्या गजऱ्याचा होता.

बागेत गेलात की आधी वेल कसे बांधलेत ते बघा. आपल्या खाण्याच्या द्राक्षांना डोक्यावर मांडव असतो किंवा वाय आकाराचा सांगाडा. वाइनच्या बागेत वेल तारांवर उभे, कुंपणासारखे ओळीने. घड लहान, मणी बोराएवढाही नाही, साल जाड, आत बिया. बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षांवर वाढलेल्या माणसाला हे द्राक्ष बघून शेतकऱ्याची कीव येते. पण रंग, वास आणि तुरटपणा हे सगळं सालीत आणि बियांत असतं, त्यामुळे मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि तेच हवं असतं. विचारून एक मणी तोडा. विचारून अशासाठी की फवारणी कधी झाली ते त्यांनाच माहीत. आधी गर खा, मग साल चावा, मग बी. बी हिरवी असेल तर जीभ आखडेल. तपकिरी झालेली बी भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरते. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं यंत्र सगळ्यांकडे असतं, पण तोडणीचा दिवस ठरवताना जुने लोक अजूनही बीच चावतात. ब्रिक्सचा आकडा ऐकलात तर त्याला ०.५५ ते ०.६ ने गुणा. साधारण तेवढे टक्के अल्कोहोल होणार. बावीस ब्रिक्सचं द्राक्ष म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपासची वाइन.

सेलरमध्ये एक गोष्ट जरूर विचारा: काळ्या द्राक्षाचा रस कुठल्या रंगाचा असतो? जवळजवळ पांढराच. रंग सालीतून येतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष आल्या आल्या दाबून रस वेगळा करतात आणि तो १४ ते १८ अंशांत थंड ठेवून आंबवतात, नाहीतर सगळा सुगंध हवेत जातो. लाल वाइनमध्ये साल रसातच ठेवून २५ ते ३० अंशांत आंबवतात. साली वर तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खालच्या रसाने भिजवावा लागतो. रोझे म्हणजे साल काही तासच रसात ठेवलेली. काळ्या द्राक्षाच्या टाकीवरून कुणी झाकण उघडून दाखवलं तर लांबूनच बघा. मी नवा असताना उत्साहाने डोकं आत घातलं होतं. कार्बन डायऑक्साइडने नाकात अशी कळ गेली की मागच्या माणसाने कॉलर धरून ओढलं म्हणून बरं. ती थट्टेची गोष्ट नाही, बंद टाकीत त्या वायूने माणसं मरतात.

ओकच्या लाकडी पिंपांच्या खोलीत सगळे फोटो काढतात. तिथे फक्त एवढं लक्षात ठेवा की नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं, फ्रेंच ओक महाग, अमेरिकन ओकला व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास जास्त, आणि प्रत्येक चांगली वाइन लाकडात जातेच असं नाही. सॉव्हिनॉन ब्लाँ ही पांढरी वाइन बहुधा स्टीलच्या टाकीतूनच थेट बाटलीत येते आणि तेच तिला शोभतं. द्राक्षं पायांनी तुडवायचा कार्यक्रम असेल तर खुशाल तुडवा, पोरांना मजा येते. त्या रसाची वाइन करत नाहीत.

आता तुमची खरी भीती, टेस्टिंगची. सोळा वर्षांत मी हजारो माणसांसमोर ग्लास ठेवला आहे, आणि घाबरलेला चेहरा मला दारातून ओळखू येतो. तो माणूस आधी शेजारच्या टेबलाकडे बघतो. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी ग्लास गरागरा फिरवून 'लेग्ज बघ काय आहेत' म्हणत असतो. ग्लासच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या त्या रेघा अल्कोहोल आणि पृष्ठताणाचा खेळ आहेत, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. त्याला सांगू नका, तुमच्यापुरतं हसून घ्या.

करायचं एवढंच. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. न हलवता एकदा वास घ्या. मग थोडा फिरवून पुन्हा घ्या. दोन्हींत फरक पडतो का ते बघा. मग लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवा, कढत चहा पिताना घेतो तशी थोडी हवा आत ओढा, आणि मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. पानाची पिंक टाकताना ज्यांना कधी संकोच वाटला नाही, अशी माणसं या भांड्यासमोर लाजतात. लाजू नका. आम्ही कामाच्या दिवशी तीस-चाळीस वाइन चाखतो त्या थुंकूनच.

आणि हो, वर्णनाचं. टेस्टिंगच्या कागदावर गूजबेरी, ब्लॅककरंट, हनीसकल असं काय काय लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानेही त्यांतलं निम्मं कधी खाल्लेलं नसतं. तुमच्या तोंडाला जे आठवतं ते म्हणा. नाशिकच्या सॉव्हिनॉन ब्लाँमध्ये मला कापलेली भोपळी मिरची, हिरवा पेरू, कधी कैरीची फोड सापडते. चेनिन ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू आणि थोडा मध. शिराझ या लाल वाइनमध्ये जांभूळ, करवंद आणि मिरे. मिऱ्याचा तो वास भास नव्हे, काळ्या मिरीत जे रसायन वास देतं तेच शिराझच्या सालीत असतं. आणि तोंड सुकवून टाकणारं जे टॅनिन समजावताना इंग्रजीत शिकलेल्या माणसाला पाच वाक्यं लागतात, त्याला आपल्याकडे एक शब्द आहे: तुरट. कच्चं केळं, हिरडा, आवळा, सुपारी यांवर वाढलेल्या जिभेला टॅनिन कुणी शिकवावं लागत नाही. कडू आणि तुरट यांत गल्लत तेवढी करू नका. कडू जिभेवर लागतं, तुरट हिरड्यांना आणि गालांना आतून ओढतं.

'गोड वाइन कोणती?' हा मला रोज विचारला जाणारा पहिला प्रश्न, आणि विचारणारा ओशाळून विचारतो. ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त गोड वास आणि गोड चव वेगळ्या असतात. पूर्ण ड्राय, म्हणजे साखर न उरलेल्या, वाइनलाही पिकल्या फळाचा वास येतो आणि मेंदू तिला गोड ठरवून मोकळा होतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. तरीही गोड लागली तर साखर उरलेली आहे. खरंच गोड हवी असेल तर लेट हार्वेस्ट चेनिन मागा. ती वेलावर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची असते, आणि क्रमात सगळ्यांत शेवटी घ्यायची. फेसाळ, पांढरी, रोझे, लाल, गोड, असा क्रम चुकवू नका. गोडानंतर ड्राय घेतली तर ती कैरीसारखी आंबट लागेल.

आता सासूबाई. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे बापू आहेत. बापू माळकरी, दरवर्षी वारी, आयुष्यात दारूचा थेंब नाही. पण सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या निघू लागल्या, तेव्हा दोन एकरांत शिराझ त्यांनीच लावली. घरात थोडा वाद झाला. ते म्हणाले, मी द्राक्ष पिकवतो, पुढचं ज्याचं त्याला. २००९ च्या मंदीत एका वायनरीने करार असून माल उचलला नाही. घड वेलावर मनुका होईपर्यंत बापू रोज बागेत जाऊन उभे राहत. पुढच्या वर्षी कुऱ्हाड लावली, थॉम्पसन आली. त्या काळात भल्याभल्यांनी वाइनच्या बागा तोडल्या, आम्ही एकटे नव्हतो.

पुढे मी टेस्टिंग रूमला लागल्यावर बापू एकदा बघायला आले. मी त्यांच्यासमोर ग्लास ठेवला आणि म्हटलं, प्यायचं नाही, नुसता वास घ्या. त्यांनी टोपी सारखी केली, नाक ग्लासात घातलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मिरे. आणि आपल्या बांधावरचं जांभूळ. ही आपली जात आहे का रे?' शिराझच होती. लेबल मी दाखवलंही नव्हतं. टेस्टिंगचे पैसे भरून आलेल्या मंडळींपैकी त्या दिवशी इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

चवीचा मोठा भाग नाकच सांगतं, जिभेकडे गोड, आंबट, कडू, खारट असा मोजकाच कारभार असतो. आणि जन्मभर फोडणीच्या वासावरून मोहरी जळली की नाही ते ओळखणाऱ्या बाईचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असतं. सासूबाईंना रिकाम्या हाताने बसवू नका. प्रत्येक वाइनचा ग्लास आधी त्यांच्याकडे द्या, वासावरून काय आठवतं ते विचारा, आणि मग तुम्ही चाखा. नकोच म्हणाल्या तर बाग आहे, सावली आहे, काही ठिकाणी द्राक्षाचा रसही मिळतो. शाकाहाराबद्दल त्यांनी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. तुम्ही नेणार त्या वाइनला काय वापरलं, ते वाइनमेकरला सरळ विचारा.

बाटल्यांचं आता पटकन सांगतो. चाखताना जी पुन्हा एक घोट घ्यावीशी वाटली तीच घ्या, सर्वांत महागडी नको. लेबलवर साल बघा. आपल्याकडच्या पांढऱ्या आणि रोझे वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. 'जुनी तेवढी चांगली' हे फार थोड्या लाल वाइनना लागू आहे. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हाही गैरसमज आहे. उलट बुचाची बाटली कधी कधी बुचामुळेच बिघडते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारते. तसा वास आला तर न लाजता बदलून मागा. बिल जपून ठेवा. आणि बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जाऊ नका. एका ओळखीच्या माणसाने मार्चमध्ये सहा बाटल्या तशा ठेवल्या होत्या. परत आला तर दोन बुचं वर सरकलेली आणि डिकीभर शिराझ. वाइन घेणं हे नाशिक सोडतानाचं शेवटचं काम ठेवा, बाटल्या आत सीटखाली, एसीत.

घरी गेल्यावर लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणून कपाटातून थेट काढू नका. तो नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे, सोळा ते अठरा अंशांचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये लागते. पांढरी आठ ते बारा अंशांत. उघडलेली बाटली, लाल असो वा पांढरी, बूच लावून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. उरलीच तर मटणाच्या रश्श्यात घाला.

जेवणाशी जोडी लावायची तर तिखटाबरोबर तुरट लाल घेऊ नका, दोन्ही मिळून तोंडाची आग करतात. मिसळ, खर्डा, ठेचा यांच्याबरोबर गार चेनिन किंवा रोझे. कोथिंबीर वडी आणि सॉव्हिनॉन ब्लाँ ही जोडी मी बऱ्याच जणांना लावून दिली आहे, अजून कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही. मिरे-मसाल्याच्या सुक्या मटणाला शिराझ.

आणि येताना आदल्या दिवशी फोन कराल तेव्हा विचारून घ्या, उद्या सकाळी तोडणी आहे का. असली तर आठाच्या आत या. ऊन चढायच्या आत माल आत घेतात. त्या वेळी दव असतं, क्रेट उतरत असतात, आणि सगळ्या आवारात ताज्या रसाचा वास भरलेला असतो. त्यात अल्कोहोल अजून एक थेंबही नसतं, त्यामुळे सासूबाईंना तो पोटभर घेता येईल.